रुग्णाचे नाव

माणूस आयुष्यभर जे तपासत असतो, तेच अखेर त्याला तपासून जातं.

हे वाक्य मी चार दिवस घोळवलं. सुरुवातीला असं काहीतरी भारदस्त असावं, असं वाटलं होतं. आज पुन्हा वाचलं तर त्याचा अर्थ मलाच नीट सांगता येईना. मी जवळा बाजारला एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक आहे. मी तपासतो ते दाखले — शाळा सोडल्याचे, जातीचे, गुणपत्रकं. त्यातल्या एकाही दाखल्यानं मला आजवर उलटं तपासलेलं नाही. तेव्हा ते वाक्य सोडून द्या.

जे सांगायचं आहे ते साधं आहे आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. एकदा फोनवर सांगायला निघालो होतो, पहिल्या वाक्यातच परत फिरलो — ते पुढं येईल. माझ्या बायकोचं नाव विमल. तिच्याबद्दल गावात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती गोष्ट खोटी आहे. खोटी आहे हे दोघांनाच माहीत आहे, तिला आणि मला. आणि ती खोटी गोष्ट नऊ वर्षांपूर्वी मी तयार केली.

कुठून सुरू करू? कुलपापासून करतो.

कार्यालयातल्या कपाटाला मी कुलूप लावायचो. ओढून बघायचो. दारापर्यंत जायचो, परत येऊन ओढायचो. हे आधी दोनदा व्हायचं, मग चारदा, मग मोजणं सोडून दिलं. बसस्टँडवरून परत आलेलो आहे. घरी पोचून, हातपाय धुऊन, जेवायला बसून, ताटावरून उठून परत आलेलो आहे. प्रवेशाच्या दिवसांत एकेका दाखल्यावरचा शिक्का भिंगातून बघत बसायचो. बाहेर पोरांची रांग, आणि माझा हात शिक्क्यावर अडकलेला. छाती धडधडायची. लोकांना वाटायचं, काय काटेकोर माणूस आहे! मी एकदा एक बनावट गुणपत्रिका पकडली होती, त्यामुळे माझं नावच तसं झालेलं. माझ्या आजाराला गावात आदर होता. असे आजार फार थोडे असतात.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, छातीत काही दोष नाही म्हणाले, आणि सांगितलं की मानसशास्त्रज्ञाला दाखवा. तसा जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी दवाखान्यातही, मनाचा विभाग होता. पण तिथं खिडकीवर केसपेपर फाडणारा आमच्याच कॉलेजातून गेलेला. त्याचा जातीचा दाखला मी तीनदा परत केला होता. त्याच्यापुढं जाऊन मी काय सांगणार होतो?

म्हणून पुणं. मोठं शहर, कुणी ओळखणार नाही. आणि तिथं मी एक नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ शोधायला लागलो.

यावर मी एक छोटं पुस्तक लिहू शकेन, आणि ते कुणी वाचू नये. पुण्यात मन बरं करणारी माणसं किती आहेत, याचा मला अंदाज नव्हता. एकाच्या पाटीवर ‘मनाचे शिल्पकार’ असं होतं. एकजण सात दिवसांत चिंतामुक्ती देत होता. त्याच्या चित्रफितीत सभागृहभर लोक एकदम टाळ्या वाजवत होते, चिंता बहुधा दचकून जात असावी. एकाच्या नावाआधी डॉक्टर होतं. ती पदवी देणाऱ्या परदेशी विद्यापीठाचा पत्ता मी शोधून काढला, तर ते एका केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. शालीतले फोटो बहुतेकांचे होते. मी एका वहीत रकाने आखले — नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, मुदत, शेरा. केंद्र सरकारची एक परिषद असते, रोगाचं निदान करून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचं नाव तिच्या नोंदवहीत असावं लागतं. नुसता समुपदेशक वेगळा, गोळ्या देणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी शोधून काढलं. एका बाईंनी मात्र फोनवर स्वतःच सांगितलं, ‘मी समुपदेशक आहे, तुम्ही म्हणता ते माझ्या कामात बसत नाही.’ त्यांच्या शेऱ्यात मी ‘प्रामाणिक’ असं लिहिलं आणि त्यांचं नाव खोडलं.

या सगळ्यात सात महिने गेले. सात महिने! शेवटी एक नाव उरलं, तर नोंदवहीतलं आडनाव आणि पाटीवरचं आडनाव जुळेना. मी फोन केला. त्या म्हणाल्या, नोंदणी माहेरच्या नावानं आहे. मी लग्नाचा दाखला मागितला. खरंच मागितला. मग त्या म्हणाल्या, ‘पाठवते. वेळ कुणासाठी हवी आहे?’

मी म्हणालो, ‘पेशंटसाठी.’

विमल शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती एवढंच बोलली, ‘त्या बाईला कळलं बगा, दाखवायचं कोनाला हाय ते.’

सात महिने मी डॉक्टर शोधत होतो, असं मी स्वतःला सांगायचो. आता वाटतं, मी फक्त कपाटाचं कुलूप ओढत होतो.

आता विमलबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात बाळंतीण आणि बाळ घरी आलं की न्हाऊ घालायला एखादी हातखंडा असलेली बाई बोलावतात. पाटावर पाय लांब करून बसायचं, लेकरू नडगीवर पालथं घ्यायचं, एका हातानं मान धरायची आणि कढत पाणी ओतायचं. विमलच्या हाताखाली लेकरू रडायचं नाही. दोन गल्ल्या पलीकडूनही तिला बोलावणं यायचं. ती स्वतःचा पाट काखोटीला मारून जायची आणि साडीचा अर्धा भाग भिजवून, डाळीच्या पिठाचा वास घेऊन परत यायची. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली आहेत. मी मात्र त्यांचे दाखले तपासतो.

पुण्याला आम्ही सकाळी पोचलो. इमारतीच्या दारात निळ्या गणवेशातला वॉचमन बसलेला. मी त्याला मजला विचारला. मी एकच वाक्य बोललो असेन.

‘तुमी आमच्याकडचे दिसून राहिले,’ तो उठूनच उभा राहिला. ‘हिंगोली का परभनी?’

तो निघाला सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. त्याची बहीण दिलेली जवळा बाजारला, आमच्या घरापासून चौथ्या दारात. एवढं मोठं शहर, आणि त्याच्या दारात हे! त्यानं पाणी आणून दिलं, पोरंबाळं विचारली. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर वर आला. मानसशास्त्रज्ञ बाईंच्या खोलीबाहेर टेबलावर एक मुलगी अर्ज भरून घेत होती, तिथंही तो थांबला. मायेनंच थांबला. आणि त्यानं विचारलं, ‘दाखवायचं कोनाला हाय, साहेब?’

मी — 

मी म्हणालो, ‘हिला.’

हेच ते. सांगून झालं. एवढ्याशा शब्दाभोवती मी किती वेळ फिरत होतो, ते तुम्ही पाहिलंतच.

माझ्या हातात पेन होतं. अर्जात पहिला रकाना होता, रुग्णाचे नाव. वॉचमन अजून शेजारी उभा होता. मी विमलचं नाव लिहिलं, ठळक अक्षरात, आडनाव आधी. वयाच्या रकान्याशी अडलो. मला तिची जन्मतारीख माहीत नव्हती. मी अडतीस टाकलं. 

वॉचमननं विमलकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. मान जराशी कलली, आवाज हळू झाला. लेकराशी बोलावं तसा तो तिला म्हणाला, ‘बसा ताई, बसा. घाबरू नका.’ पाच मिनिटांपूर्वी तो तिला वहिनी म्हणत होता. तो बदल मी पाहिला. म्हणजे पुढं काय होणार हे मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

विमलनं माझ्याकडं पाहिलं. पदर नीट केला.

आत बाईंनी तिला विचारलं, काय त्रास होतो. मला वाटलं, आता ती सांगेल. मी त्याची वाटही पाहत होतो, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं. पण विमल सांगायला लागली, ‘कुलूप लावलं तरी मला वाटतं, उघडंच हाय. ओढून बगते. परत जाते. जेवताना उठते. लोकं हसतेत का, असं वाटतं. मंग अजूनच बगते.’ एकेक गोष्ट, क्रमानं, बरोबर. मी तिला यातलं अर्धंही सांगितलेलं नव्हतं. माझा आजार मी पहिल्यांदा नीट ऐकला तो तिच्या तोंडून, आणि तोही तिचा म्हणून. मी काय केलं? मी वही काढली आणि बाई सांगत होत्या ते उतरवून घेतलं.

उपाय दिसायला सोपा होता. कुलूप एकदाच लावायचं. एकदाच बघायचं. मग निघायचं, आणि जी धडधड होईल ती होऊ द्यायची, परत फिरायचं नाही.

आम्ही पाच वेळा गेलो. तिसऱ्या वेळी बाईंनी विचारलं, ‘विमलताई, परत जाऊन बघावंसं वाटतं ना, ते आधी शरीरात कुठं कळतं?’ विमल अडली. हे तिला बाहेरून दिसलेलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘डाव्या हाताच्या बोटांत.’

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ, असं मला वाटलं. ‘तुम्हाला काही सांगायचं आहे का?’ त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

‘मग हा सराव दोघांनीही करा,’ त्या म्हणाल्या.

मी सात महिने उगाच घालवले नव्हते. बाई अस्सल होत्या.

परतीच्या बसमध्ये विमल म्हणाली होती — पहिल्याच खेपेला — ‘ऱ्हाऊ द्या. तुमचं कॉलेजात नाव हाय. माझ्या नावानं काय अडून राहिलंय?’ हे वाक्य मी पुढं कितीतरी वर्षं जपून ठेवलं, एखाद्या साक्षांकित प्रतीसारखं. ती स्वतःच म्हणाली ना! म्हणाली. पण तिच्या नावानं काय अडणार आहे, हे तिला माहीत नव्हतं आणि मला दिसलेलं होतं. ते वाक्य मी तुमच्यापुढं पुरावा म्हणून ठेवत नाही. नुसतं नोंदवतो.

आम्ही घरी पोचायच्या आधी वॉचमनचा फोन त्याच्या बहिणीला पोचला होता. दुसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या. आजारी माणसाला भेटायला जायचं तर बिस्किटाचा पुडा घेऊन जातात. आमच्याकडं नऊ पुडे जमले. ‘आता डोस्क्याचं बरं हाय का?’ असं एकीनं विमलला न विचारता मला विचारलं, विमल समोर चहा गाळत असताना. मी म्हणालो, ‘फरक आहे.’ खोटं तरी कुठं होतं? फरक मला पडत होता. दोन-तीन महिन्यांत मी कुलूप एकदा लावून घरी यायला लागलो. हात शिक्क्यावर अडकेनासा झाला. मी बरा होत होतो, आणि श्रेय तिला मिळत होतं — ‘इमल आता शांत दिसून राहिली.’ ती आधीही तशीच दिसायची.

मग शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली. विमलनं आठवडाभर आधी पाट धुऊन ठेवला. बाळ घरी आलं त्या सकाळी ती पाट घेऊन गेली आणि लगेच परत आली. साडी कोरडी होती. ‘त्येंनी दुसरीला बोलावलं,’ म्हणाली आणि पाट भिंतीला टेकवून ठेवला. शेजारीण थोड्या वेळानं येऊन मलाच समजावून गेली, ‘बाबू, राग नका मानू. पानी कढत असतं. एखाद्या वक्ती हात सुटला तर?’

मी म्हणालो, ‘बरोबर आहे तुमचं.’

आमच्या घरापासून त्यांचं घर किती लांब? मधे एक नाली आहे. त्यानंतर विमलला कुणी बोलावलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वेडी म्हटलं नाही. फक्त लेकरू तिच्या हातात देताना आई जवळ उभी राहायची, हात पुढं करून.

आणि मला शाल मिळाली. हेही सांगायलाच हवं. महिला दिनाला आमच्याच कॉलेजात कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी तेहतीस मिनिटं भाषण केलं, त्यात ‘मानसिक रुग्ण पत्नीची निष्ठेनं सेवा करणारे आमचे बाबू’ असा उल्लेख करून मला मंचावर बोलावलं. असल्या शालींची टिंगल मी उभं आयुष्य केलेली आहे. कुठल्या पाहुण्याला कितवी शाल, हे मी स्टाफरूममध्ये सांगून लोकांना हसवायचो. त्या दिवशी मी मंचावर गेलो, मान वाकवली, शाल घेतली. विमल दुसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत होती. सन्मानपत्रात माझं नाव बरोबर छापलंय का, ते मी मंचावरच पाहून घेतलं.

तुम्हाला वाटेल, यापेक्षा वाईट काय असणार. आहे. 

आमची मुलगी मनीषा डोंगरकड्याला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं, तीन वर्षांपूर्वी. बाळ दवाखान्यातून घरी आलं त्या सकाळी विमलनं चुलीवर पाणी ठेवलं, पाट मांडला, पाटावर बसण्याआधी बांगड्या मागं सारल्या. स्वतःच्या नातीला तरी ती न्हाऊ घालणार होती. तेवढ्यात विहीणबाई आल्या, बरोबर डोंगरकड्याची एक बाई घेऊन. विहीणबाई चांगल्या आहेत, गोड बोलतात. विमलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘इमलताई, तुमी काहून तकलीफ घेता? तुमाला झेपायचं न्हाई. ही बसंल पाटावर.’ 

मनीषानं माझ्याकडं पाहिलं. तिला आईच्या आजाराची गोष्ट तेवढीच माहीत होती, जेवढी गावाला. तरी तिनं माझ्याकडं पाहिलं, की बाबा काहीतरी बोलतील. विमलनं पाहिलं नाही. तिला बहुधा माहीत होतं.

मी खुर्चीवर बसून बाळाच्या जन्मनोंदणीचा अर्ज वाचत होतो. एक वाक्य पुरलं असतं. ‘आजारी ती नव्हती, मी होतो.’ पाच शब्द. ती दुसरी बाई पाटावर बसली. विमल उठली आणि टॉवेल हातात धरून बाजूला उभी राहिली. लेकरू रडलं, बराच वेळ रडलं. मी अर्जातली आईच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली.

तेव्हा मला काही आजार नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो. पुण्याला ‘हिला’ म्हणालो तेव्हा माझी छाती धडधडत होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या. कुणाला दया आली तर येऊ शकेल. त्या सकाळी मात्र माझी नाडी शांत होती. मी पूर्ण बरा होतो.

आता मनीषाला पुन्हा दिवस गेलेत. पुढच्या महिन्यात ती येईल. परवा मी विहीणबाईंना फोन केला. दोन वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. पहिलं म्हणालो, ‘मनीषाच्या आईला कधीच काही झालेलं नव्हतं.’

‘भाऊ,’ त्या मधेच म्हणाल्या, ‘असं बायकोला झाकून घेनारा मानूस मी पाह्यला न्हाई. देवमानूस हाव तुमी.’

दुसरं वाक्य कागदावर होतं. माझ्या समोर, माझ्याच अक्षरात. मी म्हणालो, ‘असं काही नाही, विहीणबाई.’ त्यांना तो विनय वाटला. मग आम्ही पावसाचं बोललो आणि फोन ठेवला. विमल आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं का, मी विचारलेलं नाही.

पुण्याची फाइल माझ्या कपाटात आहे. रुग्णाचे नाव, तिचं. वय अडतीस. ती तेव्हा एकेचाळीसची होती, हे मला नंतर रेशनकार्डावरून कळलं. खाडाखोड केलेली नाही.

न्हाऊ घालायला डोंगरकड्याची तीच बाई येणार आहे, तसं ठरलं. तिच्यासाठी विमलनं पाट धुऊन उन्हात वाळवला. पाटाखालची एक पट्टी हलत होती. मी खिळा मारून दिला आणि हलवून पाहिलं. एकदाच. पक्का बसला आहे.